लांब पल्ल्याची बॅटरी

किनवटच्या स्टँडमागं इलियासभाईचं दुकान,
काउंटरवर चार बॅटऱ्या आडव्या,
आणि बापू एकेक उचलून तोलून बघतो
जशी बाजारात कोंबडी बघावी, पायाला धरून.

खोका वाचायचं काम माझ्याकडं.
बारावी सायन्सचा घराला झालेला हा पहिला उपयोग.
'दोन हजार मीटर,' मी वाचते.
'म्हंजी कुठवर?'
'आपल्या बांधावरून घोटीच्या शाळंपर्यंत.'
'घोटीच्या शाळंत काय डुकरं शिकायलेत का?'

इलियासभाई शटर अर्धं ओढतो, पंखासुद्धा बंद करतो,
पंखा कशाला ते त्यालाच ठाऊक,
आणि झोत मागच्या पत्र्यावर मारतो.
'चाचा, सशाच्या मिशा मोजा हिच्यात.'
बापू झोताकडं बघतच नाही.
झोत जिथं संपतो तिथं बघतो.
'हिला काठच न्हाई. मधी दिवस, बाजूला विहीर.
पायापाशी लांबडं आसलं तर?'

दुसरीचा उजेड निळसर.
हळद, मिरची, माणूस, सगळं राखेच्या रंगाचं.
तिसरीला लाल काच.
'लाल उजेड जनावराला दिसत न्हाई, चाचा.'
'इच्यारलं का जनावराला?'

माळ्यावर बसून बापूनं मला डोळे वाचायला शिकवलंय.
रोह्याचे हिरवट, उंचावर, कसली घाई नसलेले.
सशाचा एकच, लाल,
कारण ससा कायम अर्धा वळलेला.
वाटेत विस्तव सांडल्यासारखं दिसलं तर रातवा,
जवळ गेलं की विस्तव उडून जातो.
गवतात दंव चमकतं ते दंव नसतं, कोळी असतात.
डुकराचे मात्र चमकत नाहीत.
डुक्कर म्हणजे भर उजेडात उरलेला
काळोखाचा गोळा.

माणसाचेही चमकत नाहीत.
हे बापूनं शिकवलं नाही.

दोन वर्षांमागं, चैतात, तांबडं फुटायच्या आधी,
मोहाखाली एक काळा गोळा, मान खाली घातलेला.
बंदूक पांडूमामाची, पिकाच्या राखणीच्या लायसनची.
उजेड बापूचा.
गोळी मोहाच्या बुंध्यात गेली.
गोळा उभा राहिला, हातात टोपली,
आणि जनाकाकी टारपेच्या आवाजात म्हणाला,
'कोण हाय रं?'

बापूनं बॅटरी विझवली.
विझवली, आणि दोघं नाल्यानाल्यानं घरी आले.
काकी अजून सांगते,
मोहातलं भूत त्या दिवशी खोकललं म्हणून.
बापू तेवढं ऐकून
बैलाला पाणी दाखवायला उठतो.

चौथी बॅटरी जुनाट, पिवळसर. खोक्यावर चारशे मीटर.
'शाळंच्या ग्राउंडावर जा,' बापू मला म्हणतो,
'त्या टोकाला. पाठ करून बस, फुलं येचल्यावानी.'
इलियासभाईनं घरातून कुणाची तरी ओढणी आणलेली,
काळ्या पिशवीत, बापूला न दाखवता.

दिवेलागण होऊन गेलेली.
मी ओढणी डोक्यावरून घेऊन बसते,
खाली वेचायला काहीच नाही, गोट्याएवढे खडे.
पाठीवर उजेड पडतो, माझी सावली कंपाउंडवर चढते,
एक मोठं, कान नसलेलं जनावर.
उजेड जातो.
दुसरा येतो, जातो.
तिसरा लाल, त्यात माझे हातही माझे वाटत नाहीत.
लांबवर बापू खाकरतो फक्त.
मी खडे वेचत राहते. डाव्या पायाला मुंग्या.
मागं वळून बघायचं नाही असं त्यानं सांगितलेलं नाही,
तरी मी बघत नाही.

चौथा.
बराच वेळ तसाच.
मग ग्राउंडच्या त्या टोकावरून, फाटलेल्या आवाजात:
'आमसुली!
आमसुली हाय, पोरी, ऊठ आता!'

दुकानात परत आलो तर इलियासभाई अजून दोन हजारवालीच पुसत होता.
'चाचा, डुक्कर चारशेच्या आत येतंय होय?'
'येऊ दे, न्हाई तर न येऊ दे. हिचे किती?'
'साडेआठशे.'
'सातशे. अन् ही ओढणी मातीत मळली,
ती धुऊन आणून देतो.'